अकरा दिवसांचे पाच हजार

टीव्हीला जोडून खेळायचा गेमिंग कन्सोल घेतला आणि अकराव्या दिवशी तो पाच हजारांनी स्वस्त झाला. कुठल्या कंपनीचा ते विचारू नका. नाव काढलं की माझा डावा डोळा फडफडतो.

घाई माझीच. २०२५ सालात जगाची रीतच उलटी झाली होती. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं आपल्या एक्सबॉक्स कन्सोलचे दर वाढवले, ऑगस्टात सोनीनं अमेरिकेत आपला कन्सोल, प्लेस्टेशन ५, पन्नास डॉलरनी महाग केला, ऑक्टोबरात एक्सबॉक्स पुन्हा वाढला. पाच वर्षं होत आलेलं यंत्र महाग होतंय म्हटल्यावर आपल्यासारख्या माणसाला गॅस सिलिंडर आठवतो. आता नाही तर कधीच नाही, म्हणून घेतला.

खरी गोची पुढे आहे. घरी किंमत सांगताना मी बरोब्बर पाच हजार गिळले होते. एवढी सूट सगळेच नवरे आपण होऊन देतात. त्या दिवशी सकाळी बायकोनं पेपरातली जाहिरात माझ्यापुढे धरली. "हे बघ, तू घेतलास त्याच भावात देतायत आणि वर 'महाऑफर' म्हणून छापलंय. लोकांना कसं फसवतात ना!" माझं बिस्कीट चहात बुडालं. मी सांगितलेली थाप खरी झाली होती, फक्त तो भाव माझ्या नशिबी नव्हता. घरात रडायची सोय नाही म्हटल्यावर दुकान गाठलं.

नाशकात कॉलेज रोडवरचं शोरूम. सेल्समन तोच, शर्टही तोच. अकरा दिवसांपूर्वी तो मला दारापर्यंत सोडायला आला होता. आज त्याला माझा चेहरा आठवेना.

"सर, ऑफर आजपासून आहे."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात, भाव वाढणारेत, आजच घ्या."

"वाढणारच आहेत ना, सर. ऑफर संपली की वाढणार."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, मग बदलून द्या. तो म्हणाला, बिघाड असेल तरच, तोही सात दिवसांत. मी म्हटलं, आहे की बिघाड, किमतीत आहे. त्यानं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाला, "बोला काका."

काका निफाडकडचे. पांढरी टोपी, काखेत पिशवी. त्यांनी पिशवीतून मिक्सरच्या भांड्याचं चिरलेलं झाकण काढून काउंटरवर माझ्या बिलाशेजारी ठेवलं. झाकणाच्या रबरात शेंगदाण्याची चटणी वाळून बसली होती. पण झाकणाचं राहिलं बाजूला, काका माझ्याकडे वळले.

"काय झालं ओ?"

सहानुभूतीचा हा त्या दिवसातला पहिला शब्द. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे तुम्ही घेणारे?"

"हो."

"इकणारे नाही?"

"नाही हो."

"आन भाव पडला?"

"पाच हजारांनी!"

"मग रडता कशापायी?" काका खरोखरच चक्रावले होते. "साठ वर्षांचा झालो, भाव पडला म्हणून रडणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय." हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं असतं तर चाललं असतं. फ्रीज बघायला आलेलं एक कुटुंब फ्रीज सोडून मला बघायला आलं.

मी समजावलं, की मी आधी घेतला, जास्त पैसे मोजले, आणि आता जो येईल त्याला स्वस्त. अकरा दिवसांत! काका म्हणाले, "लासलगावात गाडी लावली मागल्या महिन्यात. लिलाव चालू. पुढच्या गाडीला जो भाव निघाला, तो माझ्या गाडीपाशी येईस्तोवर दोनशे रुपयांनी खाली. मधी अंतर किती? तीन ट्रॅक्टर. तुमाला अकरा दिवस तरी भेटले."

"पण काका, कांदा नाशवंत आहे. हे यंत्र आहे."

"अकरा दिवसांत पाच हजार गेले म्हणता, आन नाशवंत नाही म्हणता?"

फ्रीजवाल्या कुटुंबातला मुलगा हसला. मला तिथून निघता आलं असतं. पण माणूस अपमान झाला की विद्वान होतो, तसा मी झालो. म्हटलं, काका, हा भाव असा वाऱ्यानं नाही पडत, हे कंपन्यांचं भांडण असतं. १९९५ साली लॉस एंजेलिसला ई-थ्री नावाचं व्हिडिओ गेमचं पहिलं प्रदर्शन भरलं. सेगा कंपनीनं तिथं आपलं सॅटर्न हे यंत्र ३९९ डॉलरला जाहीर केलं. त्याच दिवशी सोनीचा स्टीव्ह रेस मंचावर आला, माइकपाशी जाऊन '२९९' एवढंच, म्हणजे त्यांच्या प्लेस्टेशनचा भाव, म्हणाला आणि खाली उतरला. भाषण संपलं. सेगाचंही पुढे संपलंच म्हणा, २००१ साली त्यांनी कन्सोल बनवणं सोडलं.

"एकच आकडा बोलला?" काकांच्या चेहऱ्यावर प्रथमच आदर दिसला. "आडत्या दिसतोय."

मी सुटलो. मे २००२ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ वरून १९९ डॉलरवर आणला, तर दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स १९९ वर आणला. मागोमाग निन्टेन्डोचा गेमक्यूब १४९. "परवडतं कसं त्यांना?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, यंत्र बऱ्याचदा तोट्यातच विकतात, पैसा गेममध्ये वसूल करतात.

"असं होय!" काकांनी काउंटरवर थाप मारली, झाकण उडालं. "आमचा औषधवाला द्राक्षाच्या फवारणीचा पंप असाच देतो. वर चहा पाजतो. आन मग हंगामभर औषधाला लावतो. तुमाला पंप दिलाय त्यांनी."

घरी पडलेल्या चार-चार हजारांच्या दोन गेम माझ्या डोळ्यांपुढे आल्या. फवारणी आधीच सुरू झाली होती.

आता जरा मनातलं. पाच हजार गेल्याचं दुःख आहेच, ते नाही म्हणणारा खोटारडा. पण जास्त टोचतं ते हे, की नवी वस्तू बाजारात आली की आधी धावतो तो आमच्यासारखा येडा. रांग आमची, सुरुवातीची खोट असलेली यंत्रं आमच्या माथी, दोस्तांना 'घ्या रे घ्या' सांगून फुकटची जाहिरात करणार आम्ही. आणि स्पर्धा पेटली, की स्वस्ताई होते ती जो आतापर्यंत झोपला होता त्याला. अशा वेळी निदान खोटंखोटं सॉरी तरी म्हणा! तशी उदाहरणं आहेत. युरोपात मार्च २००२ मध्ये एक्सबॉक्स आला आणि दीड महिन्यात ब्रिटनमध्ये तो २९९ पौंडांवरून १९९ वर उतरवावा लागला, तेव्हा आधी घेतलेल्यांना मायक्रोसॉफ्टनं दोन गेम आणि एक कंट्रोलर दिला होता. निन्टेन्डोनं तर कमालच केली. फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात ३डीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल काढला २५ हजार येनला आणि ऑगस्टात केला १५ हजार. मग आधीच्या गिऱ्हाइकांना 'अ‍ॅम्बेसेडर' ही पदवी आणि वीस जुन्या गेम फुकट. शिवाय कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार काही काळ निम्म्यानं कापून घेतला.

हे मी मनातल्या मनात म्हणतोय असं मला वाटत होतं. पण काका ऐकत होते.

"पगार कापून घेतला? सोताचा?"

"निम्मा."

काका गप्प झाले. झाकणाच्या रबरातली चटणी नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "कांद्याची निर्यात बंद केली आठ डिसेंबर तेवीसला. तवा कुणाचा कापला?" तारीख त्यांना पाठ होती. मला माझ्या लग्नाचीसुद्धा आठवावी लागते. माझ्या पाच हजारांची लांबी-रुंदी त्या क्षणी जरा आक्रसली, आणि खरं सांगतो, त्याचाही मला रागच आला. आपलं छोटं दुःख निवांतपणे कुरवाळत असताना कुणी ट्रॅक्टरभर दुःख शेजारी आणून उभं करावं, हे काही बरं नाही.

पण काका दुःखात फार वेळ रमणारे नव्हते. "नातू धाव्वीला आहे. कधीपास्नं मागतोय. आणखी पडंल का भाव?"

"सांगता येत नाही."

"आम्ही चाळीत ठेवतो कांदा, भाव चढंल म्हणून. चढेस्तोवर निम्मा सडतो." त्यांनी सेल्समनकडे बोट केलं. "काढ रे एक. आन हे झाकण त्याच्यात टाक."

"काका, झाकण वेगळं चार्ज..."

"मग राहू दे यंत्र."

झाकण आलं. फुकट. नवं कोरं, रबरासकट. अर्धा तास भांडून मला पाण्याचा ग्लास मिळाला नव्हता. काकांना दोन मिनिटांत पाच हजारांची सूट आणि वर झाकण. सेल्समनला एकाएकी माझा चेहरा आठवला. "सर, तुम्ही घेतलाय ना हाच? ह्यांना जरा सांगा ना कसा जोडायचा." मी सांगितलं. एचडीएमआयची वायर कुठे, वायफायचा पासवर्ड कसा, सगळं. त्यानं माझा नंबर बिलामागे लिहून काकांना दिला, मला न विचारता. खोका पार्किंगमधल्या पिकअपपर्यंत मीच उचलून नेला, कारण काकांच्या हातात झाकण होतं.

रात्री साडेनऊला फोन. आम्ही दोघं टीव्ही बघत होतो. काकांचा आवाज असा, की स्पीकर लावला काय नि नाही काय, सारखंच.

"साहेब, लागलं बरं का यंत्र! पण ह्यात गेम एकच आली ओ. पोरगं म्हणतंय दुसऱ्या इकत घ्याव्या लागतील."

"हो काका, सकाळी सांगितलं ना मी, पंप आणि औषध."

"ते ध्यानात आहे. पण मी काय म्हणतो, तुम्ही आमच्यापेक्षा पाच हजार जास्ती भरलेत ना, मग तुमच्यात जास्ती गेम आल्या असतील. दोन-चार द्या की पोराला!"

बायकोनं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.