पायलट डुलकी घेतो म्हणजे विमान वाऱ्यावर सोडलेलं नसतं

'पायलटांना आता उडत्या विमानात झोपायची मुभा, दोघंही झोपतात, ऑटोपायलट विमान चालवतो' हा फॉरवर्ड अर्धा खरा आहे. त्यातला खोटा अर्धा भाग मात्र घाबरवणारा आहे.

युरोप आणि कॅनडात अशी डुलकी नियमात बसते, अमेरिकेत बसत नाही. पण ती एका वेळी एकानेच घ्यायची, तीही विमान उंचीवर स्थिर असताना. केबिन क्रूला आधी कळवायचं, खुर्ची मागे सरकवायची, पट्टे बांधलेलेच ठेवायचे. वेळ साधारण ४० मिनिटं. उठल्यावर लगेच कंट्रोल हातात घ्यायचे नाहीत. नासाने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पायलट सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले. (लांबच्या उड्डाणात जादा पायलट असतात, ते बंकमध्ये झोपतात, ती गोष्ट वेगळी.)

दोघांनी झोपणं कुठेच मान्य नाही. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरचे दोन्ही पायलट २८ मिनिटं झोपले होते. कॅप्टनने सांगून विश्रांती घेतली होती. सहवैमानिकाला न ठरवता डोळा लागला. त्याच्या घरी महिन्याभराची जुळी होती. विमानात १५३ प्रवासी होते, सगळे सुखरूप उतरले.

मंगळूरला २०१० मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमान अपघातात १५८ जणांचा जीव गेला. त्या विमानाच्या रेकॉर्डरवर कॅप्टनचं घोरणं ऐकू आलं होतं. ती मोजकी डुलकी नव्हती, लांबलेली झोप होती. म्हणूनच मला ठरवलेली, मोजकी डुलकी योग्य वाटते. फक्त तिच्या आडून कंपन्यांनी ड्युटीचे तास वाढवू नयेत.