खुलासा : बायबलमधल्या स्तोत्र 126 वर दाविदाचे नाव नाही

‘बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर दावीद राजाने कृतज्ञतेने स्तोत्र 126 रचले,’ असे मी गेल्या आठवड्यात लिहिले होते. तो मजकूर आता बऱ्याच ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि चूक माझीच आहे.

इस्राएलचा राजा दावीद याचा काळ इ.स.पू. 1000 च्या आसपासचा. बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त करून तिथल्या यहुद्यांना बंदी करून नेले ते सुमारे इ.स.पू. 586 मध्ये, आणि पारसचा (पर्शियाचा) राजा कोरेश याने यहुद्यांना परतू दिले ते 538 च्या सुमारास. दावीद त्या बंदिवासात असणे शक्यच नाही. हिब्रू पाठात मथळा फक्त ‘शीर हामाआलोत’, म्हणजे आरोहणगीत (वर चढून जातानाचे गीत), एवढाच आहे. जवळच्या 122 आणि 124 वर दाविदाचे नाव आहे, 127 वर त्याचा मुलगा शलमोन याचे. 126 वर कोणाचेच नाही.

मी याला निव्वळ आभारगीत म्हटले, तेही अपुरे होते. सुरुवातीला आनंद आहेच : आम्ही स्वप्न पाहणाऱ्यांसारखे झालो, तोंड हास्याने भरले. पण चौथ्या वचनात लगेच मागणे येते, नेगेवमधल्या ओढ्यांसारखे आम्हाला पूर्ववत कर. नेगेव हा इस्राएलच्या दक्षिणेचा कोरडा मुलूख. तिथले ओढे एरवी कोरडे ठणठणीत असतात, पाऊस झाला की एकाएकी दुथडी भरून वाहतात. परतणे झाले तरी सारे सावरलेले नाही, हे कवी जाणतो. म्हणूनच पुढे ‘आसवे गाळत पेरणारे आनंदाने कापणी करतील’ ही ओळ येते. मला तीच सर्वांत खरी वाटते.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.