अपडेट टाळण्याचे शास्त्रशुद्ध मार्ग

पडद्याच्या कोपऱ्यात ‘अपडेट तयार आहे’ असा निरोप झळकला की चिडू नका. आधी बटणं नीट वाचा. ‘आत्ता रीस्टार्ट करा’, ‘वेळ ठरवा’, ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ असं बटण शोधत बसू नका, ते ठेवलेलंच नाही. तुम्ही हो म्हणणार हे ठरलेलं आहे. कधी म्हणायचं एवढंच तुमच्यावर सोडलंय, आणि तेही काही दिवसांपुरतंच. तेव्हा निमूटपणे तिसरं बटण दाबा आणि पुढचं वाचा.

टाळाटाळीला शिस्त लागते. सुट्टीच्या दिवशी मशीन रिकामं पडलेलं असताना चुकूनसुद्धा अपडेट करायचं नाही. सुट्टी काय अशा कामांसाठी असते? योग्य वेळ म्हणजे ऑनलाइन मीटिंग सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधीची, आणि प्रेझेंटेशन तुमचंच असेल तर उत्तम. विंडोजने तर यासाठी खास सोय केली आहे. तुमचे कामाचे तास आधी सांगून ठेवा, त्या वेळात मशीन आपणहून रीस्टार्ट होणार नाही. हे तास जास्तीत जास्त अठरा लावता येतात. माणसाने दिवसाला अठरा तासांहून जास्त काम करू नये, ही काळजी तुमच्या साहेबांना नसेल, पण विंडोजला आहे. उरलेले सहा तास मशीनचे. नेमके त्याच सहा तासांत तुम्ही काटकसरी माणसासारखं मशीन बंद करून झोपता, म्हणून अपडेट बिचारं ताटकळत राहतं आणि सकाळी तुम्ही घाईत असताना भेटतं.

भेटतं ते कसं, हेही सांगून ठेवतो. पडद्यावर ठिपक्यांची गोल फेरी सुरू होते. खाली ओळ येते: ‘अपडेटचं काम सुरू आहे, २७ टक्के पूर्ण. संगणक बंद करू नका.’ या २७ वर गाडी इतका वेळ अडते की मशीन गेलं की काय, अशी शंका येऊ लागते. बोट पॉवरच्या बटणापाशी जातं, नजर ‘बंद करू नका’वर जाते, बोट मागे येतं. मग एकदम ६४. मग १००. आता जीव भांड्यात पडणार, तोच मशीन स्वतःच बंद होतं, पुन्हा सुरू होतं आणि ठिपके पुन्हा फिरायला लागतात. हे टक्के नक्की कशाचे, वेळेचे की फायलींचे की तुमच्या संयमाचे, असले प्रश्न विचारू नयेत. मीटिंगमधले लोक तोवर ‘आवाज येतोय का?’ करत बसतील, त्यांना त्याची सवय आहे.

एवढं सोसून आत शिरलात की स्वागताला पूर्ण पडदाभर पाटी: ‘चला, तुमच्या मशीनची मांडणी पूर्ण करू या.’ मशीन जुनं आहे, मांडणी केव्हाच झाली आहे, पण वाद घालू नका. फायली आमच्या क्लाउडमध्ये ठेवता का? ब्राउझर आमचाच वापरता का? ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’ची वर्गणी भरता का? नको असेल तर ‘तीन दिवसांनी आठवण करा’. म्हणजे बघा, चोराच्या भीतीने कुलूप बदलायला बोलावलेला माणूस आत आल्यावर सोफ्याचा कॅटलॉग उघडून बसतो, आणि आपणच मूर्खासारखे विचारत राहतो की लोकांना कुलूपवाल्याचा एवढा राग का येतो.

ही परंपरा जुनी आहे, तिचा मान राखा. २०१६ मध्ये विंडोज १० घ्या म्हणून सांगणारी खिडकी यायची. लोक कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून ती बंद करायचे. फुली म्हणजे नको, असं तोवर साऱ्या जगाला वाटत होतं. पण अपग्रेडची वेळ आधीच ठरवलेली असे आणि फुलीने ती रद्द होत नसे. उलट ‘ठरल्या वेळी होऊ द्या’ असा तिचा अर्थ धरला जाई. नकाराचं बटण पुढे गायब का झालं, याचा उलगडा इथे होतो. फुलीवर क्लिक करूनही काम होणारच असेल, तर उगाच जागा कशाला अडवायची?

आता विरोधी पक्षाचं ऐकायची वेळ आली, कारण तुम्हाला कोणीतरी तंत्रज्ञ भेटणारच आणि गंभीर चेहऱ्याने सांगणारच की अपडेट फार महत्त्वाचं असतं. तो खरंच बोलतोय, म्हणूनच त्याच्याशी सांभाळून वागावं लागतं. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या वाटते. दुरुस्ती बाहेर पडली की हॅकर जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून बघतात: काय बदललंय? जिथे बदललंय तिथे भोक होतं. अशा तऱ्हेने मंगळवारी भोक कुठे आहे ते जगजाहीर होतं आणि बुधवारपासून ते ज्यांनी बुजवलेलं नाही त्यांच्या शोधात लोक निघतात. ‘नंतर आठवण करा’ दाबून तुम्ही या उद्योगी मंडळींना मोलाचा अवधी देता. त्यांनाही पोटं आहेत.

तुमच्या या औदार्याला मोठमोठ्यांची साथ आहे. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे मशीनमागून मशीन आपोआप पसरणारा प्रोग्राम, सुटला आणि त्याला सापडू शकणाऱ्या सर्व्हरपैकी बहुतेक त्याने दहा मिनिटांत गाठले. त्यावरची दुरुस्ती आदल्या जुलैत येऊन पडली होती. २०१७ चं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरसही तसंच. दुरुस्ती १४ मार्चला आली, हल्ला १२ मे रोजी झाला. मधले जवळजवळ दोन महिने जगभरच्या शहाण्यासुरत्या लोकांनी ‘नंतर’ दाबण्यात घालवले. मग दीडशेच्या आसपास देशांत पडदे लाल झाले, फायली कुलूपबंद झाल्या आणि तीनशे डॉलरचे बिटकॉइन मागणारा निरोप आला. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. खंडणीच्या त्या निरोपाशेजारी उलट मोजणारं घड्याळ होतं: तीन दिवसांत पैसे भरले नाहीत तर रक्कम दुप्पट. तिथे मात्र ‘नंतर आठवण करा’ नव्हतं.

हे ऐकून तुमचं मन डळमळलं असेल, तर लगेच उतारा घ्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही जणांच्या कागदपत्रांच्या, फोटोंच्या फायलीच पुसून गेल्या. वाटप थांबवावं लागलं. सुरक्षेच्या दृष्टीने पाहिलं तर काम चोख होतं. नसलेली फाइल कोण चोरणार? १९ जुलै २०२४ ला तर कुंपणानेच शेत खाल्लं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपोआप वाटली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बसली. विमानं जमिनीवर, बँका ठप्प. उपाय काय, तर बऱ्याच मशीनपाशी माणसाने स्वतः जायचं, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि ती एक फाइल हाताने पुसायची. हा हल्ला नव्हता, हल्ल्यापासूनचं संरक्षण होतं. या प्रसंगात ज्यांचं मशीन त्या दिवशी बंद होतं त्यांचा फोटो कार्यालयात लावायला हरकत नाही.

ॲपलवाल्यांनी गालातल्या गालात हसू नये. जुलै २०२३ मध्ये आयफोनला तातडीची सुरक्षा दुरुस्ती आली, आवृत्ती १६.५.१ (ए). ती घेतल्यावर काही वेबसाइट धड उघडेनात. आकड्यापुढे कंसात लावलेलं ते एक अक्षर त्यांना पचलं नाही, असं निदान झालं. दुरुस्ती मागे घेतली गेली आणि दोन दिवसांत नवी आली, ‘सी’. मधला ‘बी’ कुठे गेला, हे विचारायचं नसतं. लिनक्सवाल्यांबद्दल काय बोलावं? ते स्वतःच्या हाताने कमांड टाइप करून रोज अपडेट ओढून घेतात आणि त्यालाच स्वातंत्र्य म्हणतात.

तेव्हा तुमची मागणी काय, तर हे सगळं एकदाचं थांबवा. ती मान्य झाली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा, म्हणजे दुरुस्त्यांचा नेहमीचा पुरवठा, संपला. ज्यांच्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळतच नाही. म्हणजे टक्के नाहीत, मंगळवार नाही, तो कोपऱ्यातला निरोप नाही. इतकी वर्षं ज्यासाठी बोटं मोडलीत ती शांतता आयती पदरात पडली. आणि लोकांनी काय केलं? ‘आमचं कसं होणार?’ म्हणून तारीख यायच्या आधीपासूनच एकच ओरडा केला. मग कंपनीने दया दाखवून वर्षभराची मुदतवाढ काढली: तीस डॉलर भरा, किंवा सेटिंगचा बॅकअप आमच्या क्लाउडमध्ये ठेवा, किंवा आमचे हजार रिवॉर्ड पॉइंट द्या. जे अपडेट फुकट नको होतं, त्यासाठी माणसं आता नोंदणीची लिंक शोधू लागली.

तुम्हीही शोधत असाल तर जाता जाता सांगतो. लिंक सेटिंगमध्येच, अपडेटच्या पानावर असते. ती दिसली नाही तर घाबरू नका. नोंदणीला एक छोटीशी अट आहे, मशीनवर आधीचे सगळे अपडेट झालेले लागतात.