काका, आवाज आला नाही

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी डेअरीच्या रांगेत माझ्या फोनने मान टाकली. बंद पडला नाही. बंद पडला असता तर लोक निदान हळहळले तरी असते. किलोभर चक्क्याचे पैसे द्यायला मी कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. काउंटरवरचा मुलगा बोलणाऱ्या डब्याकडे कान लावून उभा. डबा बाकीच्यांचं भराभर सांगत होता. साठ रुपये प्राप्त झाले. दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले. माझ्याबद्दल चकार शब्द नाही.

“काका, आवाज आला नाही,” मुलगा म्हणाला.

माझ्या मागे एक गृहस्थ उभे होते. सत्तरीचे, बर्म्युडा, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, एका हातात स्टीलचा डबा, गळ्यात दोरीने लटकवलेला चकचकीत फोन. ते माझ्या खांद्यावरून इतका वेळ माझा पडदा वाचत होते की, पिनही त्यांना पाठ झाला असावा.

“कधीचा हो फोन?”

“दोन हजार अठरा.”

ते वळले आणि मागच्या रांगेला म्हणाले, “अठराचा आहे.” रांगेने समजूतदारपणे मान डोलावली. विलंबाचं कारण कळलं की पुण्यातली रांग शांत होते, फक्त कारणाला चेहरा लागतो. तो माझा होता.

“रॅम किती?”

“तीन जीबी.”

ही माहिती मात्र त्यांनी मागे पोचवली नाही. काही गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात, एवढा पोच त्यांना होता.

“द्या इकडे,” म्हणत त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि फोन काढून घेतला. “अहो, तापलाय! किती ॲप्स उघडी टाकलीत मागे!” आणि अंगठ्याने त्यांनी एकेक ॲप वर भिरकवायला सुरुवात केली. कॅलेंडर गेलं, नकाशा गेला, रेल्वे गेली आणि त्याच झपाट्यात, बिचारं चक्र फिरवत बसलेलं पैशांचं ॲपही गेलं.

“आता बघा कसा पळतो.”

हा अंगठ्याचा उद्योग फोन वापरणाऱ्या यच्चयावत लोकांना कुणी शिकवला, देव जाणे. मागे दिसणारी ॲप्स बहुतेक वेळा नुसती झोपलेली असतात. ती हुसकावून दिली की पुढच्या वेळी फोनला ती पहिल्यापासून उभी करावी लागतात, आणि माझ्या फोनला तेच तर जमत नाही. २०१६ साली ॲपलचे क्रेग फेडरिघी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर, दोघांनीही सांगून टाकलं होतं की अशी ॲप्स बंद करून बॅटरी वाचत नाही. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोन घराण्यांचं ज्या एका गोष्टीवर एकमत झालं, ती माझ्या मागच्या बर्म्युडापर्यंत पोचलेली नव्हती.

“आमच्याकडच्या पोळ्यावाल्या मावशींकडेसुद्धा फाइव्ह-जी आहे,” ते म्हणाले. हे वाक्य लोक नेमकं कुणाचा अपमान करायला वापरतात, माझा की मावशींचा? मावशींना का नसावा? पण तेव्हा मी दुसऱ्याचा डबा धरून उभा होतो, आणि दुसऱ्याचा डबा हातात असताना माणसाला बाणेदारपणे बोलता येत नाही.

“उद्या दसरा. मुहूर्त आहे. एक्स्चेंजमध्ये टाका.” त्यांनी गळ्यातला फोन वर करून बघितलंदेखील. “सहाशे देतायत. स्क्रीनला तडा नसेल तर. तडा आहे का?”

“आहे.”

“मग नाही देत.” हे त्यांनी रांगेलाही सांगितलं.

आता खरं बोलायचं तर माझा फोन आळशी नाही. त्यावरून फोन लागतो, फोटो निघतो, गजर वाजतो. २०१८ मध्ये हेच पैशांचं ॲप त्यावर टुणकन उघडायचं. तेव्हा ते पैसे पाठवायचं. आता पैसे पाठवण्याआधी ते मला सोनं विकू बघतं, कर्ज देऊ बघतं, विमा सुचवतं आणि एक स्क्रॅच कार्ड नाचवतं. सुटलं ते ॲप, आणि धाप लागल्याचा ठपका मात्र फोनवर.

वर कंपनीने दोन अपडेट दिले आणि हात झटकले. फोन अँड्रॉइड नऊवर अडकलाय. हे नऊ म्हणजे ‘पाय’, गोड पदार्थाचं नाव लाभलेली शेवटची आवृत्ती. २०१९ मध्ये दहा आलं आणि गोडधोड बंद झालं. (२०१६ साली ‘एन’ अक्षराच्या आवृत्तीसाठी गूगलने लोकांकडून नावं मागवली, तेव्हा केरळच्या लोकांनी आपला गोड नेय्यप्पम लावून धरला होता. मिळालं नूगट. आपला नारळीभात इतका हाताशी असून मी तेव्हा काय करत होतो, कोण जाणे.) युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे, नव्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे मुहूर्त आहे.

बॅटरीचंही तेच. लिथियमची बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की ऐंशी टक्क्यांवर येते, तो तिचा धर्म. २००३ सालच्या नोकिया अकराशेला हे ठाऊक होतं. त्याचं झाकण नखाने निघायचं, कोपऱ्यावरच्या टपरीत नवी बॅटरी मिळायची, आणि जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपूनही त्या फोनला त्यात कमीपणा वाटला नाही. आता मागची बाजू गोंदाने चिकटवलेली. दुरुस्तीवाला आधी फोनकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, “कशाला?”

बँकेच्या ॲपने तर परवाच कळवलं की तुमची प्रणाली जुनी असल्यामुळे लवकरच सेवा बंद होईल. याच बँकेच्या शाखेत पासबुक छापायचं यंत्र ओळीवर ओळ छापतं आणि मधूनच कागद गिळतं. ते जुनं नाही. जुना मी.

असो. इकडे डेअरीत माझा फोन ॲप नव्याने उघडण्याच्या प्रयत्नात पुन्हा गरम व्हायला लागला होता. रांग फुटपाथवर गेली होती. शेवटी मागच्या बर्म्युडावाल्या काकांनी मोठ्या मनाने गळ्यातला फोन काउंटरसमोर नुसता धरला, आणि डबा ताबडतोब ओरडला, “चारशे ऐंशी रुपये प्राप्त झाले.”

“घरी जाऊन वायफायवर निवांत पाठवा,” काका म्हणाले. “नंबर द्या तुमचा.”

मी दिला. काय करणार?

घरी पोचतो तोच बँकेचा मेसेज आला. माझे चारशे ऐंशी मघाशीच कापले गेले होते. डबा तेवढा बोलला नव्हता. मग काकांना चारशे ऐंशी पाठवले. म्हणजे एका किलो चक्क्याचे नऊशे साठ. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: दुकानदाराला पोच मिळाली नाही तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे वाचल्यापासून मी मनोभावे उशिराची वाट बघत होतो. श्रीखंडाचा मागमूस उरला नव्हता, तरी मी दिवस मोजत होतो. पैसे बरोबर पाचव्या दिवशी आले.

काका मात्र नियमित आहेत. रोज पहाटे पावणेसहाला त्यांच्याकडून उगवता सूर्य, दव पडलेला गुलाब, वर बासरी आणि खाली सुविचार असा चौदा एमबीचा व्हिडिओ येतो, आणि तो डाउनलोड होताच फोन सांगतो की जागा संपत आली आहे. काल त्यासोबत दिवाळी एक्स्चेंज ऑफरची लिंकही होती. मी उघडायचा प्रयत्न केला. चक्र फिरतंय.