तीन लॅब, तीन रिपोर्ट: 'सह्याद्रीवारा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सह्याद्रीवारा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, आणि खाली चार ओळीत उत्तर टाकणं मला पटेना म्हणून हे वेगळं लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की स्तनाच्या बायोप्सीत पॅथॉलॉजिस्टचं (तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून निदान करणाऱ्या डॉक्टरचं, मीही त्यातलीच) निदान तज्ज्ञांशी साधारण ७५ टक्के वेळा जुळतं. त्यावर यांनी लिहिलंय, "म्हणजे चारातला एक रिपोर्ट चुकीचा आणि हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगता. माझ्या वडिलांच्या गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्याचे तीन लॅबचे तीन रिपोर्ट आले. एक म्हणतो माइल्ड डिस्प्लेसिया, दुसरा म्हणतो नुसतं हायपरकेराटोसिस, तिसरा म्हणतो मॉडरेट. हा धंदा आहे आणि तुम्ही आपल्या लोकांना सांभाळून घेताय. तुकडा पाठवताना पेशंटची काहीच माहिती द्यायची नाही असा नियम करा, नाहीतर सरळ एआयला बसवा." (डिस्प्लेसिया म्हणजे पेशी बिघडायला लागलेल्या पण अजून कॅन्सर नाही, माइल्ड आणि मॉडरेट या त्याच्या ग्रेड; हायपरकेराटोसिस म्हणजे अस्तराचा वरचा थर नुसता जाड झालेला.)

आधी त्या ७५ बद्दल. तो आकडा मी एकटाच टाकला आणि पुढे निघून गेले, ही माझी चूक आहे आणि तुमच्यासारख्या माणसाला त्याचा त्रास झाला याचं मला वाईट वाटतं. आकडा खरा आहे, अमेरिकेतल्या २०१५ सालच्या अभ्यासातला. आठ राज्यांतले ११५ पॅथॉलॉजिस्ट, प्रत्येकाला ६० केसेस, प्रत्येक केसची एकच स्लाइड, आणि ताडून बघायला तीन तज्ज्ञांचं पॅनल. जुळलं ७५.३ टक्के. पण त्या अभ्यासात २४० केसेसपैकी ७२ अटिपियाच्या (पेशी बिघडायला लागल्यात पण कॅन्सर म्हणता येत नाही अशी मधली पायरी) आणि ७३ डीसीआयएसच्या (दुधाच्या नळीच्या आतच असलेला कॅन्सर) होत्या, म्हणजे अवघड केसेस मुद्दाम जास्त घेतल्या होत्या, रोजच्या कामात त्या इतक्या येतच नाहीत. त्याच लोकांनी पुढच्या वर्षी प्रत्यक्षात किती अवघड, किती सोप्या केसेस येतात त्या हिशोबाने गणित मांडलं तेव्हा पॅनलशी जुळण्याचं प्रमाण ९२.३ टक्के आलं. पॅथॉलॉजिस्ट तेच, स्लाइड त्याच, फक्त समोर काय येतं त्याचं प्रमाण बदललं.

पण ९२ ऐकून तुम्ही शांत व्हावं असंही मी म्हणत नाहीये, कारण तोही आकडा एकटा घेतला तर फसवाच. खरी गोष्ट आत आहे. पसरणारा कॅन्सर असेल तर ९६ टक्के जुळलं. साधी, निरुपद्रवी गाठ असेल तर ८७. डीसीआयएसमध्ये ८४. आणि अटिपियाच्या त्या मधल्या पायरीवर ४८. निम्मेसुद्धा नाही. आणि ज्या तीन तज्ज्ञांना आपण कसोटी मानतोय ते स्वतः एकत्र चर्चेला बसायच्या आधी २४० पैकी १८० केसेसमध्येच तिघांच्या तिघे एकमताने होते. तेही ७५ टक्केच.

त्वचेच्या तिळांवर याच प्रकारचा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात १८७ पॅथॉलॉजिस्ट होते, आणि मला तरी तो जास्त अस्वस्थ करणारा वाटतो. साध्या तिळात ९२ टक्के जुळलं, खोल गेलेल्या मेलानोमात (त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरमध्ये) ७२, आणि मधल्या तीन पायऱ्यांवर २५, ४० आणि ४३. किमान आठ महिने मध्ये जाऊ देऊन त्यातल्याच काही जणांना त्याच स्लाइड परत दाखवल्या, तर त्या मधल्यातल्या पहिल्या पायरीवर स्वतःचं आधीचं निदान ३५ टक्के वेळाच परत आलं. तिथे दुसरी लॅब नाही, दुसरा धंदा नाही, तोच माणूस आणि तीच काच. हे मी झाकत नाही, झाकायचं असतं तर मागचा लेख लिहिलाच नसता.

तर मला म्हणायचंय ते एवढंच की 'पॅथॉलॉजिस्ट किती टक्के बरोबर' हा प्रश्नच चुकीचा पडतोय, 'कोणत्या पायरीवर' हे विचारायला पाहिजे. तुमचं नाव सह्याद्रीवारा आहे म्हणून घाटाचंच बोलते. पायथ्याचं गाव कुठलं आणि माथ्यावरचं कुठलं यावर कुणाचं भांडण होत नाही, पण घाट नेमका कुठल्या दगडापासून सुरू झाला हे चार ड्रायव्हरना विचारा, चार दगड दाखवतील. आजार हा चढ आहे, पायऱ्या आपण कापल्यात, उपचार ठरवायला कुठेतरी रेघ मारावी लागते म्हणून. स्तनातली अटिपिया आणि कमी ग्रेडचा डीसीआयएस, दोन्हीत पेशी दिसायला जवळपास सारख्याच असतात आणि फरक ठरतो तो बदल २ मिलीमीटरपेक्षा मोठा आहे का, दोन नळ्या भरल्यात का, असल्या मापावर. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ग्लीसन (रचना किती बिघडलीय त्याचे गुण) ३ अधिक ४ आणि ४ अधिक ३, दोन्हीची बेरीज ७, पण कुठला भाग जास्त आहे हे नजरेने ठरवायचं आणि पेशंटचा ग्रेड ग्रुप त्यावर २ चा ३ होतो.

आता तुमच्या वडिलांचा चट्टा. मी स्लाइड बघितलेली नाही त्यामुळे कोण बरोबर हे मी सांगणार नाही, पण तीन रिपोर्ट कसे येऊ शकतात ते सांगते. तोंडातल्या डिस्प्लेसियाची ग्रेड देताना अस्तराची जाडी मनातल्या मनात तीन भागात वाटतात, बिघडलेल्या पेशी खालच्या भागापुरत्या असल्या तर माइल्ड, मधल्यापर्यंत चढल्या तर मॉडरेट, त्याच्याही वर गेल्या तर सिव्हिअर. ऐकायला सोपं आहे. पण तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जरा तिरका बसला आणि अस्तर तिरकं कापलं गेलं तर खालच्या पेशींचा थर उगाच जाड दिसतो आणि माइल्डचं मॉडरेट वाटू शकतं. तंबाखू-चुन्याची गोळी वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवली असेल तर तिथे सूज असते, बऱ्याचदा कॅन्डिडाची बुरशीही असते, आणि या दोन्हींमुळे पेशी बिघडल्यासारख्या दिसतात, मग एक जण म्हणतो हे सुजेमुळे आहे, दुसरा म्हणतो नाही, हा खरा डिस्प्लेसिया आहे. आणि तुम्हीच लिहिलंय की दुसऱ्या लॅबने ब्लॉकमधून नवीन काप घेतले. एक काप ३-४ मायक्रॉनचा, एका ब्लॉकमधून असे शेकडो निघतात, म्हणजे पहिल्याने बघितलेली जागा दुसऱ्याने बघितलेलीच नाही असं सहज होऊ शकतं. तीन पायऱ्यांमुळे इतका गोंधळ होतो म्हणून २००६ मध्ये काही जणांनी दोनच पायऱ्या करा म्हणून सुचवलं, कमी धोका आणि जास्त धोका, आणि त्याने एकमत वाढतं. मी स्वतः हल्ली रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिते.

अजून एक बघा, तुमच्या तिघांपैकी कोणीही कॅन्सर म्हणलेलं नाही आणि तंबाखू बंद करा, चट्ट्यावर लक्ष ठेवा यात तिघांचंही दुमत असणार नाही. फरक पडला तो चट्टा काढायचा की बघत राहायचं इथे, आणि तो फरक लहान नाही हे मला मान्य आहे, कारण मॉडरेट असेल तर बहुतेक सर्जन काढून टाकण्याकडे झुकतात. पण अशा वेळी तिघांपैकी खरा कोण हे शोधण्यापेक्षा सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बोलायला हवं होतं, आणि तुमच्या बाबतीत ते कुणीच केलं नाही असं दिसतं. त्याबद्दलचा तुमचा राग मला शंभर टक्के पटतो. आणि ज्याने माइल्ड लिहिलं त्याला शंका असेल तर ती शंका रिपोर्टमध्ये यायला पाहिजे होती. 'माइल्ड, पण तिरका काप असल्याने खात्री नाही, सूज उतरल्यावर परत बघावं' एवढं एक वाक्य. आमच्याकडे हे वाक्य लिहायला लोक घाबरतात, डॉक्टरला वाटेल याला काही येत नाही म्हणून, आणि ही भीती मला ग्रेडच्या फरकापेक्षा जास्त वाईट वाटते.

माहिती लपवायच्या तुमच्या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. तुम्हाला वाटतं माहिती नसली की रिपोर्ट निष्पक्ष येईल. त्वचेच्या बाबतीत तर बरोबर उलटं होतं. त्वचा बाहेरून पन्नास तऱ्हांनी बिघडत असेल पण मायक्रोस्कोपखाली ती मोजक्याच तऱ्हांनी बोलते, म्हणून गजकर्ण, एक्झिमा, सोरायसिस ही सगळी एकमेकांसारखी दिसू शकतात. माझीच गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईंच्या पाठीवरचा तुकडा आला, फॉर्मवर एकच शब्द, 'रॅश'. मी बघितलं, वरच्या थरात थोडी सूज, खाली थोड्या पेशी, आणि लिहून टाकलं साधा डर्मटायटिस, विशेष काही नाही. आठवड्याने त्वचारोगतज्ज्ञांचा फोन, की त्या बाई चार महिने मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावतायत. मी त्याच ब्लॉकमधून पीएएस स्टेन (बुरशी गुलाबी रंगात दाखवणारा रंग) करून घेतला आणि वरच्या थरात बुरशीचे गुलाबी धागे स्पष्ट दिसले. गजकर्णच होतं, मलमाने चेहरा बदललेला. स्टेन पहिल्याच दिवशी करायला हवा होता, ती चूक माझी. पण मलमाचा तो एक शब्द फॉर्मवर असता तर त्या बाईंचा आठवडा वाचला असता. त्या दिवसापासून रिकामा फॉर्म आला की मी आधी फोन करते, मग काच बघते.

कुष्ठरोगाचंही तसंच. चट्टा बधिर आहे एवढं कळलं की मी नसांजवळ शोधते, जंतूंसाठी फाइट-फराको स्टेन लावते. नाही कळलं तर पेशींचे तेच दाण्यांसारखे पुंजके दुसऱ्या कशाचे तरी वाटू शकतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडून येणाऱ्या तुकड्यांवर 'बधिर आहे की नाही' हे लिहिलेलं नसेल तर मला खरंच अर्धं आंधळं झाल्यासारखं होतं. हां, एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: आधीचा रिपोर्ट समोर असला की नजर तिकडे ओढली जाते. त्यामुळे सेकंड ओपिनियन देताना मी स्लाइड आधी बघते, मनाशी ठरवते, मग पहिला रिपोर्ट उघडते. पण वय, जागा, किती दिवस, काय लावलं, तंबाखू किती, हे सगळं आधीच पाहिजे.

अजून एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नाही पण लिहितेच, कारण माझ्या मते आपल्याकडच्या छोट्या गावांतून येणाऱ्या तुकड्यांचं जास्त नुकसान तिथे होतं. ते म्हणजे बाटली. तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये (तुकडा सडू न देणारं द्रव), तुकड्याच्या किमान दहापट तरी, आणि लगेच टाकायचा असतो. माझ्याकडे सलाइनमध्ये आलेत, नुसत्या पाण्यात आलेत, अख्खी गाठ निमुळत्या तोंडाच्या बाटलीत कोंबून आलेय जी नंतर बाहेरच निघेना. स्तनाच्या कॅन्सरची ग्रेड तीन गोष्टींवर ठरते, नळ्या किती बनल्यात, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत आणि किती पेशी विभागताना दिसतात, प्रत्येकाला १ ते ३ गुण, बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ तर २, ८-९ तर ३. तुकडा फॉर्मलिनशिवाय तासन् तास पडून राहिला की विभागणाऱ्या पेशी ओळखू येत नाहीत, मोजणी कमी भरते आणि ग्रेड ३ ची २ होऊ शकते. त्यावर जगातले सगळे पॅथॉलॉजिस्ट एकमताने सही करतील आणि ग्रेड तरीही चुकीचीच राहील.

एआयबद्दल थोडंच. गुण मोजणं, पेशी मोजणं यात ते मदतीला येतंय आणि यावं, मला हवंय. पण त्याला शिकवायला पॅथॉलॉजिस्टांनीच नावं दिलेल्या स्लाइड लागतात, आणि ज्या पायरीवर आम्ही निम्मेसुद्धा जुळत नाही तिथे ते कुणाचं ऐकून शिकणार? दर वेळी एकच उत्तर देईल हे खरं, पण दर वेळी एकच येणारं उत्तर बरोबर असेलच असं नाही.

सेकंड ओपिनियन हा धंदा आहे का, याला माझं उत्तर नाही असं आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये बाहेरून आलेल्या पेशंटच्या स्लाइड उपचाराआधी परत बघायचा नियम होता, १९९९ मध्ये त्यांनी ६,१७१ केसेसचा हिशोब दिला, त्यात ८६ जणांचं निदान उपचार किंवा पुढचं भवितव्य बदलेल इतकं बदललं. १.४ टक्के. छोटा आकडा आहे, पण त्या ८६ घरांसाठी तो छोटा नव्हता. आपल्याकडेही मुंबईला टाटाला जाताना स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही घेऊन या म्हणतात ते याचसाठी. लॅबकडे मागा, सही करून देतात. नुसता रिपोर्टचा कागद नेऊन उपयोग नाही. आणि ब्लॉक मेणाचा असतो, उन्हाळ्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, मऊ पडतो.

तुमच्या वडिलांचं आता: तुम्ही लिहिलंय की चट्टा काढायचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. सर्जनना आधीच सांगा की फॉर्मवर तिन्ही जुन्या रिपोर्टची नोंद, चट्ट्याची जागा आणि तंबाखू किती वर्षं हे लिहा, आणि तुकड्याच्या एका कडेला टाक्याची खूण करा म्हणजे पुढची-मागची बाजू कळेल. अख्खा चट्टा हातात आल्यावर उत्तर त्या छोट्या तुकड्यापेक्षा खूप पक्कं येतं, कारण तेव्हा सगळ्या जागांवरून काप घेता येतात. रिपोर्टमध्ये ग्रेड बघाच, पण कडा मोकळ्या आहेत का (म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत बिघडलेल्या पेशी पोचलेल्या नाहीत ना) ही ओळ आधी शोधा. ती ओळ नसेल तर लॅबला फोन करून विचारा, संकोच करू नका. आणि जमलं तर इथे खाली कळवा, मी बघत राहीन.