उशाशी समुद्र आणि वाळू विकत

गुहागरला आमच्या घरापासून समुद्र चार मिनिटांवर. मागच्या दाराने निघायचं, पोफळीच्या आगरातून जायचं, सुरूचं बन ओलांडलं की पाय वाळूत. असं असूनही गेल्या वर्षी मी दीडशे किलो वाळू विकत आणली. टेम्पोतून गोणी उतरत होत्या तेव्हा शेजारचे तात्या गडग्यावर हात टेकून उभे होते. ते काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हाच जास्त बोलतात.

मूळ दोष चिरंजीवांचा. "बाबा, स्विमिंग पूल असल्याशिवाय मुंबईची माणसं रूम घेत नाहीत." मग जुन्या गोठ्याच्या जागी चाळीस हजार लिटरचा पूल झाला आणि त्याच्या कडेला, पूर्वी जिथे वैरण असायची तिथे, एक निळी गोल टाकी बसली. सॅंड फिल्टर. बसवणाऱ्याने सांगितलं, "काका, याच्यात काही बघायला लागत नाही." गेली दोन वर्षं मी दुसरं काही बघितलेलं नाही.

तत्त्व साधं आहे. पंप पूलचं पाणी ओढतो, टाकीत वरून सोडतो, ते वाळूतून खाली झिरपतं, घाण वाळूत अडकते. तळाला लॅटरल नावाच्या बारीक खाचांच्या नळ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. त्यांतून पाणी जातं, वाळू जात नाही. टाकीवर दाबाचा एक काटा. स्वच्छ वाळूला तो दहावर असतो आणि घाण साचेल तसा चढतो. अठराच्या पुढे गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट्या दिशेने फिरवून घाण बाहेर. पण ऊठसूट बॅकवॉश करायचा नाही, कारण जराशी मळलेली वाळू धुतलेल्या वाळूपेक्षा चांगलं गाळते. हे तत्त्व मी अंघोळीच्या बाबतीत घरात मांडून पाहिलं. मान्य झालं नाही.

हे उलटसुलट ज्याने करायचं तो डोक्यावरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. एक दांडा आणि सात खुणा. त्यातल्या तीन पाणी बाहेर घालवणाऱ्या. सातवी 'विंटर', पाणी गोठायच्या दिवसांसाठी. गुहागरात! दांडा फिरवताना पंप बंद हवा, हा पहिला नियम मी पाहुण्यांशी बोलता बोलता मोडला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं रबराचं गॅस्केट असतं, ते फाटलं. बाहेरून काहीच कळेना, फक्त पूल रोज दोन-दोन बोटं उतरायला लागला. मी ऊन मोजलं, फरशीच्या भेगा तपासल्या. शेवटी हिनेच विचारलं, "सगळं आगर सुकतंय आणि ती कोपऱ्यातली एकच पोफळ एवढी तरारलीय कशी?" त्या पोफळीच्या बुंध्याशी वेस्टचा, म्हणजे बाहेर घालवलेल्या पाण्याचा, पाइप सुटतो.

पाण्याचं दुखणं वेगळंच. बॅकवॉश तीन मिनिटांचा, त्यात पाचशे लिटर जातं. पावसाळ्यात कोण विचारतो, तेव्हा आभाळच पूल भरतं आणि त्यात शेवाळंही फुकट घालतं. पण मे महिन्यात विहिरीत रहाटाची दोरी संपते तरी घागर वाजते, आणि वाडीत टँकरची वाट बघत कळश्या मांडलेल्या असतात. तेव्हा बॅकवॉश मी पहाटे पाचला करतो, चोरासारखा.

यंदा मेमध्ये खरी परीक्षा आली. येत्या शनिवारसाठी तिन्ही रूम भरलेल्या, आणि मंगळवारी सकाळी पुलात, पाणी जिथून परत येतं त्या तोंडाखाली, वाळूची छोटीशी रांगोळी. झाडली. दुपारी पुन्हा. म्हणजे गाळणारीच पाझरायला लागली. तळाचं लॅटरल फुटलं असणार, आणि ते बघायचं तर वरची सगळी वाळू काढायला हवी.

व्हॉल्व्ह काढल्यावर टाकीचं तोंड वीतभर, आणि त्याच्या बरोब्बर मध्ये उभा पाइप. फावडं सोडाच, वाटीही आत जाईना. स्वयंपाकघरातली आमटीची पळी तिरकी धरली तर जात होती. दीडशे किलो, पळी-पळीने. पहिल्या दोन तासांत तीन बादल्या भरल्या. ती पळी पुन्हा आमटीत गेलेली नाही.

तात्या आले, खुर्ची मागवली, चहा घेतला. "अरे, टाकायचीच आहे तर आपल्या समुद्राची टाक. शिंची विकत कसली आणतोस?"

मी त्यांना समजावलं की फिल्टरची वाळू सिलिकाची, अर्ध्या मिलिमीटरची, सगळे दाणे जवळपास सारखे. समुद्राची म्हणजे लहानमोठी खिचडी, वर शिंपल्यांचा चुरा. शिंपला म्हणजे चुना. पुलाला लागतं ते अ‍ॅसिड घरात होतंच. एका बशीत विकतची चिमूट, दुसरीत समुद्राची, दोन्हींवर दोन-दोन थेंब. विकतची ढिम्म. समुद्राची सोड्यासारखी फसफसली. तात्यांनी दोन्ही बशा निरखल्या आणि म्हणाले, "आपली जिवंत आहे."

बुधवारी संध्याकाळी तळ लागला. आठांतलं एक लॅटरल मुळाशी तडकलेलं. कारण मीच. वाळू भरण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरायची असते, म्हणजे वरून पडणारी वाळू नळ्यांवर आदळत नाही. गेल्या वर्षी मी आणि प्लंबरने उत्साहात कोरड्या टाकीत गोणी ओतल्या होत्या. नवीन लॅटरल चिपळूणला मिळालं नाही, पुण्याहून रात्रीच्या गाडीने आलं. यावेळी आधी पाणी भरलं, मधल्या पाइपात वाळू जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला दुधाची रिकामी पिशवी रबराने बांधली, आणि वाळू हलक्या हाताने सोडली. मग दांडा बॅकवॉशवर, रिन्सवर म्हणजे खळबळण्यावर, आणि शेवटी फिल्टरवर. प्रत्येक वेळी पंप बंद करून. काटा दहावर. शुक्रवारी रात्री तळाच्या टाइल्स मोजता येत होत्या.

शनिवारी पाहुणे आले, पूल बघून "वॉव" म्हणाले, आणि बॅगा टाकून सगळे समुद्रावर गेले. माझ्या पुलात कोणी पायही बुडवला नाही. सूर्यास्तानंतर परत आले ते थेट पुलात, पोरंटोरं, बापे, सगळे. बाहेरच्या शॉवरकडे मी हात करत होतो, ते मला हात हलवत होते.

रविवारी पहाटे पाचला बॅटरी मारली. तळाला वाळू. पोटात गोळा आला. जाळीने चिमूटभर वर काढली, बशीत घेतली, दोन थेंब सोडले.

फसफसली.

मी तात्यांना उठवायला निघालो.