तूरडाळीचं गिर्यारोहण

बेळगावच्या माणसाला डोंगरावर नुसतं जाऊन यायला सांगा, तो पायात चप्पल सरकवून निघेल. पण ‘मुक्काम’ हा शब्द उच्चारा, की निम्मं स्वयंपाकघर त्याच्या पाठीवर चढतं. बेत एवढाच असतो, की जांबोटीच्या पुढे चोर्ला घाटाच्या अंगाला ओळखीच्या कुणाच्या तरी पडीत, म्हणजे पडीक जमिनीत, एक रात्र काढायची. माणसं सहा. सामानात मात्र पाच लिटरचं पातेलं, किसणी, पोळपाट, दोन किलो कांदे आणि एक किलो तूरडाळ. सांडशी कुणीच आणत नाही. सांडशी ‘दुसरा आणील’ या खात्यात कायमची जमा असते, आणि रात्री उकळतं पातेलं उतरवायला कुणाचा तरी नवा टॉवेल कामी येतो.

तूरडाळीशी माझं वैर नाही. घरी कुकरात ती तीन-चार शिट्ट्यांत निमूट शिजते, कारण आत दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, गोष्ट उलटी. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. आपण ८०० मीटरवर असलो तर ते ९७ अंशांनाच उकळायला लागतं. तीन अंश म्हणजे फार नव्हेत, पण तुरीला निमित्तच हवं असतं. उघड्या पातेल्यात ती तासभर तरी घेते, आणि वाऱ्यात गॅसचा डबा तेवढा वेळ तग धरत नाही. त्यात कुणी उत्साही माणूस सुरुवातीलाच आमसुलं टाकतो. आंबट पडलं, की डाळ मऊ व्हायची थांबते. मग तुम्ही ती उकळा, ढवळा नाहीतर तिच्यापुढे हात जोडा.

“शिजूलंय काय गा?”

“शिजूलंय की. अजून दोन उकळ्या येऊंदेत.”

ह्या दोन उकळ्या आठ वाजता सुरू होतात आणि साडेनऊला अजून दोनच राहिलेल्या असतात.

म्हणून माझा आग्रह मूगडाळीचा. सहा जणांना ३०० ग्रॅम पुरे. चढायला लागण्याआधी जिथे शेवटचं पाणी भेटतं तिथे रुंद तोंडाच्या बाटलीत डाळ घालायची, दुप्पट पाणी ओतायचं, झाकण आवळायचं आणि बाटली सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात खोचायची. आपण धापा टाकत असतो तेव्हा डाळ भिजत असते. अख्ख्या ग्रुपात चढताना उपयोगाचं काम करणारी ती एकटीच. वर पोचल्यावर पंधरा मिनिटांत शिजते. हळद-मीठ आधी, आमसूल खाली उतरवताना.

तांदळाचंही तसंच. माणशी ८० ग्रॅम, म्हणजे सहांना अर्धा किलो. “एवढ्यात काय हुतंय?” असं विचारणारे असतातच, आणि सकाळी उरलेला भात कुणी खायचा यावरून त्यांच्याच तोंडाला कुलूप लागतं. अर्धा तास भिजवायचा, दुप्पट पाण्यात घट्ट झाकण ठेवून सात-आठ मिनिटं उकळायचा आणि गॅस बंद करायचा. मग पातेलं टॉवेलात गुंडाळून, वरून जॅकेट घालून वीस मिनिटं तसंच ठेवायचं. आतल्या उष्णतेवर भात पुरा होतो. अट एकच: मधे झाकण उघडायचं नाही. ही अट आमच्याकडे कुणाला झेपत नाही. पहिल्या पाच मिनिटांत तिघं ‘जरा बघूया’ म्हणून बघतात, वाफ निघून जाते, आणि बेळगाव बासमतीचा वास अंगाभर पसरलेला असताना दातांखाली मात्र कणी लागते.

माणसं आठाच्या वर असतील तर सरळ कुकर न्यावा. ॲल्युमिनियमचा कुकर दीड-दोन किलो भरतो, पण वाचणाऱ्या गॅसचा हिशेब केला तर तो वाहून नेणं परवडतं. तिघा-चौघांसाठी कुकर उचलणारा माणूस शिट्टीच्या आवाजासाठी उचलतो, असं माझं मत आहे.

आता शेगडी. गॅसच्या बुटक्या डब्यावर फिरवून बसवायची, घडीचे तीन पाय उघडणारी ती मुठीएवढी शेगडी. तिच्या पायांचा घेर वीतभरसुद्धा नसतो, आणि तिच्यावर पाच लिटरचं पातेलं चढवलं जातं. खाली जांभ्याचा ओबडधोबड सडा. पातेलं एका अंगाला कलतं, दोघं दोन बाजूंनी ते धरून उभे राहतात, तिसरा ढवळतो आणि चौथा व्हिडिओ काढतो. अशा शेगडीवर दोन लिटरपेक्षा मोठं भांडं ठेवूच नये. मोठा ग्रुप असेल तर डबा बाजूला ठेवून नळीने जोडायची, बसक्या पायांची शेगडी घ्यावी. खाली सपाट फरशीचा तुकडा किंवा चपटा दगड हवा. ज्योत बारीक असते, ती पातेल्याच्या मधोमधच लागते. म्हणून मधे काळा चंद्र आणि कडेला कच्चं. ढवळत राहण्यावाचून त्याला इलाज नाही.

खरा शत्रू वारा. वाऱ्याआड २३० ग्रॅमच्या डब्यावर बारा ते पंधरा लिटर पाणी उकळून निघतं. वाऱ्यात ज्योत आडवी पडते, भांड्याला सोडून सह्याद्रीला तापवते, आणि तोच डबा निम्म्यावर हात टेकतो. मग कुणाला तरी आडोशाची कल्पना सुचते. शेगडीभोवती दगड रचले जातात, सॅका लावल्या जातात, वरून मॅट गुंडाळली जाते. इथे मात्र विनोद बाजूला ठेवून सांगतो: डब्यावर बसणाऱ्या शेगडीला चारी बाजूंनी बंद आडोसा कधीही करू नये. उष्णता खाली डब्यावर परतते, आतला दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. आडोसा वाऱ्याच्या बाजूलाच, वीतभर अंतरावर, आणि डब्याला हात लावून बघत राहायचं. कोमट लागला की आडोसा काढायचा. तंबूच्या आत तर शेगडी पेटवायचीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तंबूचं कापड ठिणगीची वाटच बघत असतं.

डबा संपत आला की ज्योत मलूल होते. गॅस बाहेर पडताना डबा स्वतःच गार होतो, त्यात जानेवारीतली पहाट. त्यावर लायटर धरणारे शूर आपल्यात आहेत. धरू नये. ताटलीत दोन बोटं कोमट पाणी घेऊन त्यात डबा ठेवला की काम होतं. किती गॅस उरलाय ते हलवून कळत नाही. नवा डबा घरच्या काट्यावर तोलून आकडा मार्करने बुडाशी लिहून ठेवावा, पुढच्या खेपेला परत तोलावा. सहा जणांच्या एका रात्रीला दोन डबे न्यावेत. आणि रेल्वेने जाणार असाल तर ते बरोबर नेता येत नाहीत, हे खानापूरच्या फलाटावर आठवून उपयोग नसतो.

“मग चूल मांडूया की! तीन दगड आणि चार काटक्या!” हे म्हणणारे एक मामा प्रत्येक ग्रुपात असतात. मामांना सांगावं लागतं, की पलीकडे भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं; वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे. मालकी पडीतसुद्धा थंडीनंतरचं वाळकं गवत असतं. एक ठिणगी उडाली की मालकाच्या काजूंचा हिशेब आपल्याला चुकता करावा लागेल. मामा ऐकतात, मान डोलावतात आणि काटक्या गोळा करत राहतात.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला उमजलेलं नाही. डोंगरावर न्यायला याहून चांगलं अन्न नाही, असं अन्न आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. ज्वारीची कडक भाकरी: पातळ थापून तव्यावर वाळेपर्यंत भाजलेली, कोरडी ठेवली तर आठवडेच्या आठवडे टिकणारी. तिच्यात पाणी नाही म्हणून वजन नाही आणि बुरशीही नाही. मोडते, हा तिचा एकच दोष. पातेल्यात उभी रचून वरून टॉवेल दाबला की तोही जातो. बरोबर शेंगांची चटणी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, एवढी ताकद दुसऱ्या कशात मिळणार? शिवाय चिरमुरे. पाण्यात बुडवून पिळले, घरून आणलेली कोरडी फोडणी, डाळ्यांची पूड आणि मीठ टाकलं, की आगीवाचून सुसला तयार. कांदा हवाच असेल तर दोन किलो नको, दोन पुरेत.

ही फोडणी घरीच करावी: तेलात मोहरी, कढीपत्ता, सुकी संकेश्वरी मिरची आणि लसणाचे काप कुरकुरीत होईपर्यंत परतायचे, गार करायचे आणि छोट्या स्टीलच्या डबीत भरायचे. गरम पिठलंच हवं असेल तर बेसनही घरी कोरडं भाजून न्यावं. एका वाटीला चार वाट्या पाणी, पण आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्यात सोडायचं. थेट उकळत्यात पीठ भुरभुरवलं तर प्रत्येक गुठळीला बाहेरून कातडं धरतं आणि आत कोरडं पीठ राहतं. अंधारात अशा गुठळ्या डाळीतल्या वांग्यासारख्या लागतात, म्हणून कुणी तक्रार करत नाही, एवढंच.

पण हा मेनू मांडला की वैनी फोनवर विचारतात, “एवढ्या लांब जाऊन थंड भाकरी खातासा?” आणि तूरडाळ पुन्हा सॅकमध्ये चढते. तीसुद्धा तळाशी. जड सामान पाठीला लागून, खांद्याच्या थोडं खाली हवं. तळाला हलकी स्लीपिंग बॅग. आणि कंबरपट्टा आवळायचा असतो, लोंबकळत सोडायचा नसतो. बराचसा भार कंबरेने घ्यायचा असतो, मानेने नव्हे.

तंबूचं थोडक्यात आटोपतो. जांभ्यात खुंटी जात नाही. दगडाने ठोकलीत तर वाकते, आणि वाकलेली खुंटी सरळ करताना तुटते. दोरी मोठ्या दगडाला गुंडाळून तो दगड ताणून ठेवायचा, वर दुसरा दगड. माती मिळालीच तर खुंटी तंबूच्या उलट दिशेला कललेली ठोकावी. पहाटे आतलं कापड ओलं होतं आणि “तंबू गळूलाय” अशी बोंब होते, आकाशात तर चांदणं. तो आपलाच श्वास असतो. थंडीच्या भीतीने खिडक्या, झडपा सगळं बंद केल्यावर वाफ जाणार कुठे? वरची झडप उघडी ठेवायची. खाण्याचं सामान तंबूत घ्यायचं नाही. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत, आणि चटणीचा वास त्यांनाही कळतो.

पाणी माणशी तीन-चार लिटर धरावं. ओढ्याचं असेल तर आधी फडक्यातून गाळून, खळखळून एक मिनिट उकळावं. परसाकडेला जाताना खुरपं न्यावं: ओढ्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, आणि परत माती. खुरपं मागायला लाजणारा माणूस ग्रुपात सगळ्यांत घातक.

सकाळचा चहा हाच काय तो शेगडीचा खरा हक्क. त्यातही दुधाची पावडर उकळत्या पाण्यात टाकणारा एक जण असतो, आणि तिचे गोळे वर तरंगतात. पावडर साखरेत कोरडी मिसळून, दोन चमचे गार पाण्यात घोटून, चहा उतरवल्यावर घालायची. सहा कपांना पावडर सहा-सात मोठे चमचे. एवढं सांगेपर्यंत चहा उतू जाऊन ज्योत विझलेली असते, लायटर कुणाच्या खिशात आहे ते कुणालाच माहीत नसतं.

मग पातेलं घासायची वेळ. बुडाशी काळा चंद्र तसाच. त्यात थोडं पाणी घालून उकळवून ठेवलं तर निम्मा सुटतो, उरलेला माती आणि मूठभर गवताने जातो. साबण ओढ्यात न्यायचा नाही. पाणी लांब आणून घासायचं. हे सगळं मी समजावून सांगत असतो तेव्हा ग्रुपातले चौघं तंबूची घडी घालायला अचानक तयार होतात, आणि मामा काटक्यांची मोळी बांधत असतात, घरी बंबाला घालायला.